जिल्ह्याची प्रादेशिक योजना सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण जिल्ह्यात कुठे वस्ती वाढू द्यायची, कुठे शेतीच राहू द्यायची, रस्ते कुठून न्यायचे आणि कारखाने कुठे बसवायचे, हे पुढच्या साधारण २० वर्षांसाठी ठरवणारा कागद म्हणजे प्रादेशिक योजना. ती सुधारायला घेतली की गावोगावी एकच प्रश्न फिरतो: ‘आपली जमीन यलोत आली का?’ यलो म्हणजे नकाशावर पिवळा रंगवलेला निवासी विभाग (झोन), हिरवा तो शेतीचा. हा प्रश्न रास्तच आहे. पण योजना फसते ती बहुतेक वेळा पिवळ्या-हिरव्या रंगामुळे नाही. चुकीचा पायाभूत नकाशा आणि न केलेला पाण्याचा हिशेब या दोन गोष्टी तिला खड्ड्यात घालतात. म्हणून पुढच्या उत्तरांत त्या दोन्हींना जास्त जागा दिली आहे.

जिल्हा नियोजन समिती दरवर्षी करते तीच ही योजना का?

नाही, आणि हा घोळ सरपंचांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांचा होतो. जिल्हा नियोजन समितीची जिल्हा वार्षिक योजना ही पैशांची योजना आहे: यंदा कोणत्या कामाला किती निधी द्यायचा ते ती ठरवते. प्रादेशिक योजना ही जमीनवापराची योजना आहे. तिच्यात रुपयाची तरतूद नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधली कलमे ३ ते २० तिच्याविषयी आहेत, आणि कायद्याचे बळ असल्यामुळे तिच्याविरुद्ध बांधकाम परवानगी देता येत नाही. समितीने एखाद्या रस्त्याला निधी दिला म्हणून तो रस्ता प्रादेशिक योजनेत आला असे होत नाही. योजनेत रेघ ओढली म्हणून पैसे आले असेही नाही.

आमच्या गावाला ती लागू होते का?

नगरपालिका, नगरपंचायत आणि महानगरपालिका यांच्या हद्दीत मंजूर विकास योजना असेल तर तिथे ती विकास योजना चालते. एमआयडीसीची अधिसूचित क्षेत्रे, सिडको किंवा रस्ते विकास महामंडळासारखी विशेष नियोजन प्राधिकरणे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणे यांचा कारभार वेगळा. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रासाठी २०१३ मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, तेव्हा तिथल्या गावांच्या परवानग्यांचे दार बदलले. उरलेल्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना लागू होते आणि नियोजन प्राधिकरणाचे काम जिल्हाधिकारी करतात.

पहिली पायरी म्हणून नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेत जाऊन एवढेच विचारा: ‘आमच्या गावाचे नियोजन प्राधिकरण आज कोण आहे?’ शहराला खेटून असलेल्या गावांत हे उत्तर दहा वर्षांत दोनदा बदललेले असू शकते. हद्दवाढ होते, मग ती रद्दही होते, आणि लोक जुन्याच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतात.

जुनी योजना आहे ना, मग सुधारायची कशाला?

कारण जमीन योजनेची वाट पाहत थांबत नाही. पुणे प्रदेशाची योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. त्यानंतर चाकण, हिंजवडी, तळेगाव या पट्ट्यांचे रूप किती पालटले ते सगळ्यांनी पाहिले आहे. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली योजना १९७३ ची, दुसरी १९९९ ची आणि तिसरी २०२१ ची, म्हणजे प्रत्येक वेळी दोन दशकांहून जास्त अंतर. समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा रस्ता मध्येच येतो आणि ज्या गावाला कालपर्यंत एसटी दिवसातून दोनदा यायची तिथे महामार्गावर चढायचा-उतरायचा चौक (इंटरचेंज) होतो.

उलटेही घडते. जुन्या योजनेत औद्योगिक म्हणून जांभळा केलेला पट्टा वीस वर्षे रिकामाच राहतो आणि तिथल्या शेतकऱ्याला ना कारखाना मिळतो, ना घर बांधता येते. सुधारणेत नवे पट्टे वाढवण्याइतकेच असे मेलेले पट्टे मागे घेणेही महत्त्वाचे असते. त्याची मागणी फारसे कोणी करत नाही, हे मात्र खरे.

काम कोणत्या क्रमाने होते?

शासन कलम ३ खाली प्रदेश ठरवते आणि कलम ४ खाली प्रादेशिक नियोजन मंडळ नेमते. मंडळावर अध्यक्ष, नगररचना विभाग, स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी आणि विषयाचे जाणकार असतात. आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा होतो: आज प्रत्यक्षात कुठे काय आहे. मग लोकसंख्या, पाणी, रोजगार, रस्ते, शाळा-दवाखाने यांचे अंदाज. त्यावरून प्रारूप योजना.

प्रारूप तयार झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते. तिथून हरकती व सूचनांसाठी किमान चार महिने द्यावे लागतात. विकास योजनेच्या मानाने ही मुदत ऐसपैस आहे, पण सूचना भातलावणीच्या दिवसांत निघाली तर पहिले दोन महिने गावात कोणी तिकडे बघतही नाही. हरकती प्रादेशिक नियोजन समिती (जिल्हा नियोजन समिती नव्हे) ऐकते आणि मंडळाला अहवाल देते. मंडळ आवश्यक ते बदल करून योजना शासनाकडे पाठवते. शासन ती जशीच्या तशी किंवा फेरबदल करून मंजूर करू शकते, किंवा परतही पाठवू शकते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर योजना अमलात येण्याची तारीख किमान ६० दिवसांनंतरची असते.

पायाभूत नकाशात नेमके काय चुकते?

बरेच काही, आणि चूक एकदा पायात गेली की वरचे सगळे मजले तिरके.

उपग्रहचित्र कोणत्या महिन्याचे आहे ते आधी विचारा. एप्रिल-मे मधल्या चित्रात जिरायती शिवार उघडेबोडके दिसते आणि वर्गीकरणात ‘पडीक’ होऊन बसते. पडीक म्हटले की तिथे उद्योग किंवा वस्ती सुचवायला सोपे जाते. कोकणातल्या कातळसड्यांचे तेच. नकाशावर ते ओसाड, पण पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पे याच सड्यांवर आहेत. ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ऐतिहासिक आणि निसर्गसौंदर्याची स्थळे जपण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे. पण स्थळ नकाशावरच नसेल तर ती तरतूद कोणाला लावणार?

दुसरी चूक गाव नकाशे उपग्रहचित्रावर बसवताना होते. जुने गाव नकाशे कापडावर किंवा कागदावर, काळाने आक्रसलेले. शेजारच्या दोन गावांच्या शिवा जुळत नाहीत, मध्ये फट राहते किंवा एकावर एक चढतात. शिवेवरच्या गटांना अशा वेळी दोन गावांच्या पत्रकांवर, म्हणजे नकाशाच्या पानांवर, दोन वेगळे विभाग मिळतात. तुमचा गट शिवेला असेल तर दोन्ही गावांची पत्रके बघा.

तिसरी, गावठाणाची हद्द. नकाशावरचे गावठाण भूमी अभिलेखातल्या नोंदीचे असते. प्रत्यक्ष वस्ती त्याच्या बाहेर कधीच पसरलेली असते. वाड्या, वस्त्या, तांडे, पाडे यांचे तर बहुधा नावही नसते. पन्नास घरांची वाडी हिरव्या रंगात बुडालेली दिसली तर ती हरकत सर्वांत आधी घ्या.

नवी जनगणना हातात नसताना लोकसंख्या कशी धरतात?

२०११ च्या आकड्यांवरून पुढे मोजतात, कारण २०२१ ची गणना झाली नाही आणि पुढची गणना २०२७ ची आहे. कोणती रीत वापरली यावर बरेच अवलंबून असते. उदाहरणादाखल एक कल्पित गाव घ्या: २००१ मध्ये ४,०००, २०११ मध्ये ४,६००. दर दशकाला ६०० माणसे वाढतात असे धरले तर २०४१ मध्ये ६,४०० होतात. दर दशकाला १५ टक्के वाढ धरली तर ६,९९६. फरक जवळपास ६०० माणसांचा. हेक्टरी १०० माणसे धरली तर पहिल्या रीतीने नव्या वस्तीला १८ हेक्टर लागतात आणि दुसऱ्या रीतीने २४. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर जमीन पिवळी होणार की नाही, हे एका सूत्राने ठरते.

म्हणून अहवालातला लोकसंख्येचा तक्ता उघडून रीत कोणती, दर कोणता आणि तालुक्याचा दर सगळ्या गावांना सरसकट लावला आहे का, एवढे तपासा. सरसकट लावणे ही नेहमीची चूक. एमआयडीसीशेजारचे गाव आणि मुंबईला माणसे गेलेले डोंगरातले गाव एकाच टक्क्याने वाढत नाहीत. दुसरे कदाचित घटतच असेल. अंगणवाडीची पटसंख्या, शिधापत्रिका, मतदार यादी आणि घरपट्टीची नोंदवही ही ग्रामपंचायतीत बसल्या जागी मिळणारी साधने आहेत. जनगणनेची जागा ती घेऊ शकत नाहीत, पण कल कुठे आहे ते ठणकावून सांगतात.

पाण्याचा हिशेब कसा बघायचा?

ग्रामीण नळयोजनेचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. मलनिस्सारण असलेल्या शहरी वस्तीला १३५ लिटर धरतात. वरच्याच गावात २०४१ ला ६,९९६ माणसे धरली तर पहिल्या मापाने रोज सुमारे ३.८५ लाख लिटर लागतात, दुसऱ्या मापाने ९.४४ लाख. योजनेत तुमच्या गावाला विकास केंद्र म्हटले असेल, फ्लॅटच्या इमारती गृहीत धरल्या असतील आणि पाणी मात्र ५५ च्या मापाने मोजले असेल, तर हिशेबात अडीचपट खोट आहे.

मग उगम. ‘प्रस्तावित प्रादेशिक पाणीपुरवठा योजना’ असे लिहिले असेल तर कोणत्या धरणातून, किती दशलक्ष घनमीटर आरक्षण आणि ते जलसंपदा विभागाने मंजूर केले आहे का, हे विचारा. विहिरी-बोअरवर भिस्त असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वर्गवारीत तुमचे पाणलोट सुरक्षित आहे, अंशतः शोषित आहे, शोषित आहे की अतिशोषित, ते बघा. अतिशोषित पाणलोटावर पिवळा पट्टा पसरवला तर दहा वर्षांनी तिथे टँकर उभे असतात. सांडपाणी कुठे जाणार हा प्रश्न तर बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकलेला असतो. ओढा हेच त्याचे न लिहिलेले उत्तर.

माझा गट कोणत्या विभागात आहे हे नक्की कसे कळेल?

भिंतीवर लावलेल्या मोठ्या नकाशावर बोट ठेवून नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेची जाडीच २५ मीटर भरते. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा साधारण ४५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे तो अख्खा त्या नकाशावर एका मिलिमीटरपेक्षा लहान. त्यामुळे गटनिहाय भाग नकाशा आणि विभाग दाखला, ज्याला सगळे झोन दाखला म्हणतात, तोच ग्राह्य धरा. नगररचनेच्या जिल्हा शाखेत सातबारा आणि गट नकाशाची प्रत जोडून अर्ज केला की शुल्क भरून तो मिळतो.

दाखला हाती आला की तीन गोष्टी ताडून पाहा. गट क्रमांक एकत्रीकरणानंतरचा आहे की जुना सर्व्हे नंबर पडला आहे? गावाचे नाव बरोबर आहे का? एकाच तालुक्यात ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ यांची अदलाबदल होतेच. आणि गट ‘अंशतः’ या शब्दाने दोन विभागांत विभागला असेल तर कोणता भाग किती, हे दाखल्यावरून कळत नाही, भाग नकाशावर मोजूनच कळते.

शेती विभागात आले म्हणजे सगळे संपले का?

नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रालाही लागू आहे. तिच्यात शेती विभागात शेतघर, गोठा, कुक्कुटपालन, शेतमाल प्रक्रिया, गोदाम, शाळा, पेट्रोल पंप असे अनेक वापर अटींवर चालतात. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. जे चालत नाही ते म्हणजे प्लॉट पाडून निवासी वसाहत. ‘फार्म प्लॉट’ या गोंडस नावाने पाच-पाच गुंठे विकणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

गावठाणाला लागून जमीन आहे. तिला वेगळी सवलत आहे का?

जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या निवासी वापराची तरतूद आली, आणि यूडीसीपीआरमध्येही गावठाणाभोवतीच्या पट्ट्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. अंतर गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून नव्हे. गावठाणाची मोजणीच झालेली नसेल तर भांडण इथेच सुरू होते. योजनेच्या सुधारणेआधी ग्रामपंचायतीने गावठाणाची हद्द भूमी अभिलेखाकडून निश्चित करून घेतली तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. पूररेषा, डोंगरउतार, वन या बंधनांपुढे ही सवलत चालत नाही.

डोंगरउतार आणि पूररेषा कशा तपासायच्या?

उताराचा नियम असा: १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ, म्हणजे सुमारे ११ अंशांच्या पुढे. घरबसल्या तपासायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे पत्रक घ्या. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला असतात. दोन रेषांमधले अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर उतार १:५ पेक्षा तीव्र. ही चाळणी झाली. वादाच्या गटासाठी मात्र प्रत्यक्ष पातळीमापन करून घ्यावेच लागते. डोंगर फोडून आधी सपाटी करायची आणि मग ‘उतार नाहीच’ म्हणायचे, ही युक्ती जुनी आहे. तारीख असलेली जुनी उपग्रहचित्रे ती उघडी पाडतात.

पूररेषा दोन. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर बांधता येते, जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवून. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. लहान नद्या आणि ओढ्यांच्या रेषा अनेक ठिकाणी आखलेल्याच नाहीत. नकाशावर रेषा नाही याचा अर्थ पूर येत नाही असा नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्याकडे पाणी कुठवर चढले याच्या खुणा, पंचनामे आणि फोटो हरकतीला जोडा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांकडे हा पुरावा भरपूर आहे.

महामार्गाकडेला पिवळा पट्टा मागावा का?

मागितला जातो सर्रास, पण सबुरीने घ्या. मोकळ्या भागातल्या राष्ट्रीय महामार्गाला मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. म्हणजे पुढची बरीचशी जमीन तशीही बांधता येत नाही. महामार्गाला चिकटून दोरीसारखी वस्ती वाढली की दर शंभर मीटरला फाटा फुटतो, अपघात वाढतात, शेवटी बाह्यवळण काढावे लागते, आणि मग बाह्यवळणालाही तीच दोरी लागते. पट्टा मागायचाच तर गावठाणाच्या बाजूने, आतल्या रस्त्याने जोडलेला मागा आणि सेवारस्त्याची रुंदी त्याच अर्जात लिहा.

पश्चिम घाट, समुद्रकिनारा, आदिवासी क्षेत्र: यांचे काय?

केंद्राच्या पर्यावरण कायद्याखालची अधिसूचना प्रादेशिक योजनेच्या वर चालते. पश्चिम घाटाच्या जुलै २०२४ च्या प्रारूप अधिसूचनेत पर्यावरण-संवेदनशील म्हणून महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्या यादीत गाव आहे का, ते नावाने शोधा. डहाणू तालुक्यात १९९१ च्या अधिसूचनेने उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक (बफर) पट्टा घातला. तिथली योजना त्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. किनारी गावांत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. ५० मीटरची सवलत किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर असल्याशिवाय मिळत नाही.

राज्यातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने ग्रामसभेचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. सामूहिक वनहक्क मिळालेले क्षेत्र नकाशावर नुसते ‘वन’ म्हणून रंगवलेले असते. दाव्याची मंजूर प्रत आणि नकाशा जोडून ती नोंद अहवालात मागा, नाहीतर पुढच्या पिढीच्या नकाशात तो हक्क दिसणारच नाही.

हरकत कशी लिहायची?

एक पान पुरे. ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे’ असे लिहिलेल्या हरकतीवर काहीच करता येत नाही, कारण तिच्यात बदल कोणता हवा तेच नसते.

वर गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र आणि प्रारूप नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक. मग तीन वाक्ये: नकाशात काय दाखवले आहे, जागेवर काय आहे, बदल काय हवा. त्यानंतर कारण, आणि कारणाला पुरावा. सातबारा, ८-अ, गाव नकाशाची प्रत, मोजणीची ‘क’ प्रत, जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख असलेले फोटो. जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात असेल तर पाटबंधारे शाखेचा दाखला. विहीर, ठिबक, फळबाग असेल तर पीकपाहणीची नोंद, कारण बागायती जमीन वस्तीसाठी रंगवली असेल तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. टपालाने पाठवायची तर नोंदणीकृत. एकच छापील मजकूर दोनशे सह्यांनी दोनशे वेळा दिला तर तो एकच मुद्दा म्हणून एकत्र ऐकला जातो. त्यापेक्षा गावाची एक सविस्तर हरकत आणि ज्यांचे गट वेगळ्या कारणाने बाधित आहेत त्यांच्या वेगळ्या हरकती, ही मांडणी चांगली. आणि फक्त विरोध नको. योजनेतली बरोबर गोष्टही ‘ही कायम ठेवावी’ असे लेखी कळवा. ज्या हिरव्या पट्ट्याच्या बाजूने कोणीच लिहिले नाही, तो पुढच्या टप्प्यात सहज पिवळा होतो.

ग्रामसभेचा ठराव पुरेसा नाही का?

वजन असते, पण ठराव म्हणजे हरकत नव्हे. मुदतीत हरकत म्हणून दाखल केला, नकाशा जोडला आणि गट क्रमांक लिहिले, तरच तो नोंदीत येतो. ‘योजना रद्द करावी’ एवढ्या एका ओळीचे ठराव फायलीत ढिगाने पडून असतात.

सुनावणीला काय न्यावे?

मूळ कागद, मोठा छापलेला गट नकाशा आणि दोन मिनिटांत संपणारे बोलणे. एका दिवसात खूप प्रकरणे असतात, तेव्हा ‘साहेब, पत्रक अमुक, गट तमुक, इथे चाळीस वर्षांची वस्ती आहे’ अशी सुरुवात करा. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला लेखी अधिकारपत्र द्या. सुनावणीत नवा मुद्दा सुचला तर तोंडी सोडू नका, तिथेच कागदावर देऊन पोच घ्या.

जमिनीची किंमत पडली तर भरपाई मिळते का?

विभाग बदलल्यामुळे किंमत घटली एवढ्यावर नाही. नगररचना अधिनियमाचे कलम १९ ते दार बंद करते. शाळा, बाजार, डेपो असे विशिष्ट आरक्षण पडले असेल तर गोष्ट वेगळी. मंजूर योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. शेती किंवा ना-विकास हा विभाग आहे, आरक्षण नव्हे, त्याला हे कलम लागत नाही.

प्रारूप प्रसिद्ध झाले, मंजूर नाही. मधल्या काळात परवानगी मिळते का?

कलम १८ प्रारूपाच्या सूचनेपासूनच लागू होते. शेतीखेरीज दुसरा वापर सुरू करायचा किंवा बांधकाम करायचे तर परवानगी घ्यावी लागते आणि ती प्रारूपाशी विसंगत असेल तर अडते. हा मधला काळ वर्षानुवर्षे लांबतो. या दिवसांत ‘प्रारूपात यलो आहे’ म्हणून होणारे व्यवहार सर्वांत धोक्याचे, कारण मंजुरीत शासन तो पट्टा वगळू शकते. घेणाऱ्याने झोन दाखल्यावर ‘मंजूर’ आहे की ‘प्रारूप’, आणि अधिसूचनेची तारीख कोणती, हे वाचल्याशिवाय विसार देऊ नये.

मंजुरीनंतर एखाद्या गटाचा विभाग बदलता येतो का?

येतो. कलम २० खाली शासन फेरबदल करू शकते. २०(३) ची सूचना निघते, एक महिना हरकतींसाठी, मग सुनावणी, आणि २०(४) खाली निर्णय. त्यासाठी शासनाला अधिमूल्य (प्रीमियम) भरावे लागते. सुट्या गटांचे असे फेरबदल साचत गेले की योजनेची गोधडी होते, त्यामुळे शेजारच्या गटाची २०(३) ची सूचना दिसली तर ‘आपला काय संबंध’ म्हणू नका. त्याच्या पाण्याचा आणि रस्त्याचा भार तुमच्याच शिवारावर येणार आहे.

गोव्यात हेच नियम आहेत का?

तिथला कायदा वेगळा, १९७४ चा. २००६ मध्ये अधिसूचित केलेली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ही योजना लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये मागे घ्यावी लागली. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिगटाच्या कामातून ‘आराखडा २०२१’ आला आणि गावनिहाय नकाशे लोकांपुढे ठेवले गेले. पुढे २०२३ मध्ये कलम १७(२) आले आणि ‘चुका दुरुस्त करण्याच्या’ नावाखाली सुट्या भूखंडांचे विभाग बदलू लागले. त्याचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. गोव्यात जमीन असलेल्यांनी म्हणूनच भूखंडाचा विभाग मूळ आराखड्यातला आहे की नंतरच्या ‘दुरुस्ती’तून आलेला, हे तारखेसह तपासून घ्यावे.